हसुराम, तुझा चार्ज कुणी घेतला?

हसुराम,

काल तुझ्या दहाव्याला मी माइकवर बोललो. खाडीच्या काठाला मंडप घातला होता, पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या, एका बाजूला भटजींचं चाललं होतं आणि दुसऱ्या बाजूला भाषणं. तुमच्या गावांतली ही दहाव्याच्या भाषणांची पद्धत मला आधीपासूनच पचत नाही, काल तर डोकंच फिरलं. दोन माजी सरपंच बोलले. एक होऊ घातलेला पुढारी बोलला, त्यानं तुझं नाव दोनदा चुकवलं आणि तिसऱ्यांदा नुसतं 'आपले लाडके दिवंगत' म्हणून वेळ मारून नेली. मग तुझ्या मोठ्या मुलानं, प्रकाशनं, माझ्या पाठीवर हात ठेवून मला पुढं केलं. म्हणाला, "काका, बाबांचे कंपनीतले जोडीदार म्हणून दोन शब्द बोला."

दोन कसले, वीस मिनिटं बोललो. छान बोललो रे, स्वतःची लाज वाटावी इतकं छान बोललो. पहिल्या रांगेत हिरावहिनी बसली होती, पदर तोंडाला लावून. मागच्या बायका डोळे पुसत होत्या. खाली उतरलो तर एका माणसानं हात हातात घेऊन सांगितलं, "अशी मैत्री आता राहिली नाही." मला त्या क्षणी खाडीत उडी मारावीशी वाटली.

कारण एवढं बोलून मी मुख्य गोष्ट गिळली होती. शेवटचे सात-आठ महिने तू रोज दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी मला फोन लावत होतास, आणि मी उचलत नव्हतो. हे तुझ्या बायकोला सांगायला हवं. सांगणारा माझ्याशिवाय दुसरा कुणी नाही. काल सांगायची हिंमत झाली नाही. आज माझी सुट्टी आहे, आज जाणार आहे. पण त्याआधी मला तुझ्याशी भांडून घ्यायचंय, कारण मला नुसता स्वतःचा राग आलेला नाही, तुझाही आलाय.

सोळा वर्षं तळोज्याच्या त्या रसायनांच्या कारखान्यात तू सुटायचास आणि मी लागायचो. आठवड्याला पाळ्या फिरायच्या, पण क्रम बदलायचा नाही. तुझी टोळी, मग माझी, मग तिसरी, मग पुन्हा तुझी. मी तुला सोडवायला यायचो आणि तू मला चार्ज द्यायचास. चार्ज म्हणजे काय, तर कुठला रिॲक्टर किती गरम आहे, कुठल्या पंपाच्या ग्लँडमधून गळतंय, लॅबला सॅम्पल गेलंय की नाही. वहीत लिहायचं, सही करायची, बस पकडायची. सगळे असंच करत होते. तू सोडून.

पहिल्या दिवशी मी कंट्रोल रूममध्ये शिरलो, वहीला हात घातला, तर तू वही काखेत मारलीस. म्हणालास, "पोटान काय हाय?"

मला कळेना. मी म्हटलं, "काय?"

"जेवलास का? काय जेवलास? खरा सांग."

मी सांगितलं, पोळी-भाजी. तू मान हलवलीस. मग म्हणालास, "बरा. मनान काय हाय?"

"मनात काय असणार? काही नाही."

"काय नाय आसा कदी नसतो. बरा, उद्या सांग. आता टाकीन काय हाय ता सांगतो." आणि मग कुठं ती वही काखेतून सुटली.

आधी पोटात काय, मग मनात काय, मग टाकीत काय. रोज. सणाला, सुट्टीला, पाऊस मी म्हणत असताना, बाहेर बसचा ड्रायव्हर हॉर्न मारून मारून दमत असताना. मी घरी येऊन सुनंदाला सांगितलं होतं, एक आगरी भेटलाय, डोक्यानं जरा कमी आहे. बायकोनं विचारलं, "मग तू काय सांगितलंस, मनात काय ते?" मी म्हटलं, "तू पण सुरू झालीस का?"

तू कधी त्याला मोठं नाव दिलं नाहीस. मिठागरात राबणाऱ्या बापाचा तू मुलगा, सातवी-आठवी शिकलेला. मी एकदा विचारलं, देवाचं काय करतोस, सकाळी पूजा वगैरे? तर म्हणालास, "सकाली टाइम नाय. माजी पूजा सुटताना." मला ते तेव्हा विनोदी वाटलं होतं. तू विनोद करत नव्हतास.

ती दुपार आठवते का? मी काल माइकवर हीच सांगितली. सुनंदाच्या छातीत गाठ लागली होती, तपासणीचा रिपोर्ट त्या दिवशी चारला मिळायचा होता. तिच्यासोबत तिची बहीण होती. मी कामावर आलो, कारण घरी बसून वेडा झालो असतो. तू विचारलंस, पोटान काय. मी म्हटलं, जेवून आलोय. मनान काय? मजेत. तू माझ्याकडं बघितलंस आणि वही टेबलाच्या खणात टाकून खण लावलास.

"तू खोटा बोलतस. मी चार्ज देत नाय."

मी भडकलो. म्हटलं, हसुराम, तमाशा करू नकोस, बस सुटेल तुझी. तू म्हणालास, "सुटूदे. तीन नंबरला माल गरम हाय, कूलिंग एक मिन्ट बंद झाला त काय होल तुला ठावं हाय. तुज्या हातान मी नाय देनार." मग मी बोललो. उभ्या उभ्या, घाम पुसत, सगळं बोललो. तू मला गेटवरच्या केबिनमध्ये फोनपाशी नेऊन बसवलंस आणि परत जाऊन माझ्या जागी उभा राहिलास. साडेचारला फोन आला, गाठ साधी निघाली. मी धावत परत आलो आणि तुला सांगितलं. तू फक्त "बरा" म्हणालास, खणातून वही काढलीस आणि पुन्हा पहिल्यापासून विचारलंस, पोटान काय हाय? मी म्हटलं, काही नाही, सकाळपासून उपाशी आहे. तेव्हा तू तुझ्या डब्यातली उरलेली अर्धी भाकरी आणि सुकट माझ्यापुढं ठेवलीस. मी मासळी न खाणारा माणूस, त्या दिवशी खाल्ली.

हे सगळं लोकांना फार आवडलं. पण आपलं भांडण मी नाही सांगितलं.

भांडण ध्यानावरून होतं. मी तेव्हा रोज सकाळी चाळीस मिनिटं दार लावून बसायचो. शिबिरं केली होती, श्वास मोजायला शिकलो होतो, आणि खरं सांगतो, मला त्याचा उपयोगही झाला. पण मी ते तुला सांगताना जरा वरच्या पट्टीत सांगायचो. म्हणायचो, हसुराम, शांती बाहेर नसते, आत असते, माणसांच्या घोळक्यात ती सापडत नाही. तू ऐकून घ्यायचास. मग एक दिवस विचारलंस, "दार लावून बसतस ना, तवा तुजी बायको काय करते?"

मी म्हटलं, "पोरांना गप्प करते."

"मंग शांती तिनी केली. तू काय केलास?"

मला इतका राग आला की दोन दिवस मी तुला 'बरंय, बरंय' एवढंच उत्तर देत होतो. तिसऱ्या दिवशी तू हसत म्हणालास, "आरं दिल्या, बस की ध्यानाला, कोन नको बोलतो? पन उठलास का एक मानूस गाठ. आतला बाहेर दे, बाहेरचा आत घे. नाय त सगला कुजतो." मी म्हटलं, हे तुला कुणी शिकवलं? तू म्हणालास, मिठागरात. पाणी आत घ्यायचं, वेळेवर बाहेर सोडायचं, नाहीतर मीठ काळं पडतं. आणि लगेच पंपाकडं वळलास, जसं काही फार बोलून गेलास.

हा वाद आपला मिटला नाही. मला अजूनही वाटतं की एकट्यानं बसल्याशिवाय माणसाला स्वतःचं काही कळत नाही. तू असतास तर आत्ताही वाद घातला असता.

पण दुसरी एक गोष्ट आहे, तिथं वाद नाही, तिथं मी सरळ चुकलो. आपली ओळख झाल्याला पाच-सहा वर्षं झाली असतील. तुला चार्ज देणारा तिसऱ्या टोळीतला अन्वर, चांगला माणूस, पण घाईचा. वही टेबलावर टाकून पळायचा. मी एकदा तुला विचारलं, "तू सगळ्यांना विचारतोस, तुला कोण विचारतं?" तू म्हणालास, "तुला कशाला विचारतो मंग मी? तू अन्वरला विचार. अन्वर मना विचारल. तीन पाल्यान फिरून परत माज्याकडं येल."

किती सोपा हिशेब होता! मला फक्त माझ्यानंतर येणाऱ्या माणसाला तेच दोन प्रश्न विचारायचे होते. आणि मी विचारले नाहीत. लाज वाटायची. अन्वरला, एका बाप्याला, मी कसं विचारू की तुझ्या मनात काय आहे? तो हसेल, चारचौघांत सांगेल. एक-दोनदा तोंडापर्यंत आलं, मग मी म्हटलं, "चहा घेतलास का?" अन्वर म्हणाला, "हां, हां, भाईजान," आणि संपलं. तू दिलेलं मी दहा वर्षं आरामात घरी घेऊन गेलो, हलका होऊन झोपलो, आणि पुढं काही दिलं नाही. तुझ्याकडं फिरून यायचं ते माझ्यापाशीच अडलं. तू अन्वरला दोष दिला नाहीस आणि मलाही नाही. एकदा तरी खडसावायचं होतंस! रिॲक्टरची झडप उघडी राहिली तर आईमाई काढायचास, इथं का गप्प बसलास?

मग ते नवे साहेब आले. त्यांनी पहिलं काम काय केलं, तर दोन पाळ्यांमधली ती दहा-पंधरा मिनिटं कापली. अंगठ्याचं मशीन लावलं, चार्ज वहीतून काँप्युटरवर नेला, आणि सुटलेल्यांची बस तीन वीसच्या ऐवजी तीन पाचला सोडायला सुरुवात केली. कारण विचारलं तर म्हणाले, वेळ वाया जातो, लोक गप्पा मारतात. गप्पा! तू केबिनमध्ये जाऊन भांडलास. काय बोललास ते मला पुढं शिपायानं सांगितलं. तू म्हणालास, "सायेब, काँप्युटरला मानूस कसा हाय ता दिसत नाय." साहेब म्हणाले, त्यासाठी आपण वेगळा कार्यक्रम ठेवणार आहोत.

आणि ठेवला की! कँटीनच्या हॉलमध्ये चटया अंथरल्या, कॉलरला माइक लावलेला एक तज्ज्ञ आला. ताणतणावमुक्ती आणि आंतरिक आनंद, दोन तास, हजेरी सक्तीची. आम्ही सेफ्टी शूज काढून बसलो, त्या वासानंच अर्धी शांती निघून गेली. तज्ज्ञ म्हणाला, आता डोळे मिटा आणि आपल्या आजूबाजूच्या सहकाऱ्यांशी आपण जोडलेले आहोत असं अनुभवा. सगळीकडं शांतता. आणि मागून तुझा आवाज आला, "सायेब, डोले उगडे ठेवूद्या ना, मंग लवकर जोडतील."

हॉल हसून फुटला. साहेब लालबुंद. मला मात्र हसताना संताप आला, आणि तो आजही गेलेला नाही. ज्यांनी रोजची दहा मिनिटं काढून घेतली, तेच आम्हाला वर्षातून दोन तास जोडायला निघाले होते, आणि वरून फीडबॅकचा फॉर्म भरून घेत होते. मी त्या फॉर्मवर 'उत्तम' अशी खूण केली. तू कोरा दिलास.

तुझं काय बदललं? काहीच नाही. तू बस सोडून द्यायचास. मला विचारून, चार्ज देऊन, मग उन्हातून चालत नाक्यावर जायचास आणि सहा आसनी रिक्षा पकडून घरी. वेळेवर पंचिंग करून आवारात रेंगाळलास म्हणून तुला मेमो मिळाले, एक नाही, तीन. मी म्हणायचो, हसुराम, पुरे झालं, मी बरा आहे रे. तू म्हणायचास, "ता मी ठरवनार."

मग तू रिटायर झालास. शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ. साहेबांनी तुझ्या 'मनमिळाऊ स्वभावाचं' कौतुक केलं, मेमोंचं नाव नाही.

गावातलं जुनं घर केव्हाच गेलं होतं. तुमच्या शेतावर बिल्डरनं सात मजले चढवले होते, त्यातला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट तुझा. तू तिथंही सुरू केलंस. लिफ्टमध्ये, गेटवर, पार्किंगमध्ये. जेवलास का? काय चाललाय? मनान काय हाय? तिथली माणसं सकाळी सातला मुंबईला जाणारी, रात्री परत येणारी, शेजारच्या दाराला कोणाचं नाव आहे ते माहीत नसणारी. त्यांना वाटलं, म्हातारा चौकशा करतो. कुणी तक्रार केली, आणि सोसायटीच्या फळ्यावर कागद लागला, की ज्येष्ठ रहिवाशांनी लिफ्टमध्ये इतरांना वैयक्तिक प्रश्न विचारून त्रास देऊ नये. नाव नव्हतं, पण त्या इमारतीत ज्येष्ठ रहिवासी होते किती? तुझ्या बापानं जिथं भात लावला, तिथं तुला तोंड बंद ठेवायची नोटीस! प्रकाश तुला म्हणाला, "बाबा, कशाला नको त्या भानगडी, वरच बसत जा ना." आणि तू बसलास. हे मला प्रकाशनं काल सांगितलं, अगदी सहज.

तेव्हाच कधीतरी तुझे फोन सुरू झाले असावेत. तीन दहाला. "दिल्या, लागलास का? पोटान काय हाय?" पहिले दोन-तीन महिने मला गंमत वाटली. मग मी तुझा फोन चुकवू लागलो. साहेबांनी पाळ्या फिरवणं बंद करून मला कायम दुपारी टाकलं होतं. पाळी लागायची वेळ, समोर काँप्युटर, साहेबांचा कॅमेरा, आणि कानाला तू. मी एकदा सांगितलं, मीटिंग आहे. दुसऱ्यांदा सांगितलं, नेटवर्क नाही. मग मोबाइल कंपनीतल्या कपड्यांच्या कपाटात ठेवून आत जायला लागलो. बाहेर आल्यावर बघायचो, हसुराम, एक मिस्ड कॉल. रोज एकच. दुसऱ्यांदा तू कधी लावायचा नाहीस. संध्याकाळी करू म्हणायचो, आणि संध्याकाळी भाजी आणायची असायची, टीव्ही असायचा, सुनंदाचे गुडघे असायचे. आठवड्यातून एकदा करायचो, मग तेही सुटलं. काय अडलं होतं माझं, सांग ना? पाच मिनिटं!

आणि तू तरी काय केलंस? छातीत तीन दिवस दुखत होतं. वहिनीला सांगितलंस पित्त आहे, मुलाला काहीच नाही. त्या तिन्ही दिवशी मला फोन केलास, एकेकच. मेसेज लिहिता आला नाही तर नातवाला सांगून लिहवायचास. वहिनीला म्हणायचं होतंस, मला दवाखान्यात घेऊन चल. आमच्या प्रत्येकाच्या आतलं तू उकरून काढलंस, आम्ही 'काही नाही' म्हटलं तर चार्ज दिला नाहीस. मग तुझं 'काही नाही' आम्ही का मानायचं होतं? हे न्यायाचं नाही, हसुराम. माणसानं विचारायला शिकवावं आणि स्वतः विचारू देऊ नये, हे मला मान्य नाही. गॅलरीतल्या खुर्चीत, दुपारी चारच्या सुमाराला, एकटा गेलास तू. मी तेव्हा ड्यूटीवर होतो. मोबाइल कपाटात होता.

इथवर लिहून मी उठलो. चपला घातल्या आणि तुझ्या घरी गेलो. सुनंदा येते म्हणत होती, मी नको म्हटलं. आता परत येऊन पुढचं लिहितोय.

हिरावहिनी आतल्या खोलीत जमिनीवर बसून तेराव्याचे तांदूळ निवडत होती. घरात दुसरं कुणी नव्हतं, प्रकाश सामान आणायला बाजारात गेला होता. मी उभ्या उभ्याच सांगितलं. म्हटलं, वहिनी, तो मला रोज फोन करायचा आणि मी मुद्दाम उचलत नव्हतो. उचलला असता तर त्यानं दुखतंय म्हणून सांगितलं असतं. काल माइकवर मी हे बोललो नाही.

तिनं मान वर केली नाही. "ठावं हाय मना," म्हणाली.

"त्याला माहीत होतं?"

"त्याला नाय कलनार? दिल्या कामान असंल, आसा बोलायचा. मंग फोन मांडीवर ठेवून बसायचा."

मी खाली बसलो आणि रडलो. पन्नाशी उलटलेला माणूस, तांदळाच्या सुपाशेजारी हमसून हमसून रडत होतो. मला माफ करा म्हटलं. झोप येत नाही म्हटलं. त्यानं मला केवढं सांभाळलं आणि मी काय केलं म्हटलं. बरंच काही म्हटलं. ती निवडत राहिली. माझं संपल्यावर तिनं सूप बाजूला सरकवलं.

"झाला तुमचा सांगून?"

मी मान हलवली.

"भावजी, दहा दिस मानसा येतान. समदी त्याचा सांगतान. तुमच्या कंपनीचे आयले, ते बोलले, वहिनी, दादा आमाला रोज विचारायचा, मनान काय हाय. काल तुमी माइकवर पन तोच बोललाव. बायका रडल्या. मी पन तोंडाला पदर लावला." तिनं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "ता मना म्हाईतच नव्हता."

"काय माहीत नव्हतं?"

"तो आसा विचारतो ता. चवतीस वर्सां संसार केला मी. कामावरना घरा आयला का हात धुवायचा, जेवायचा, गप पडायचा. मना वाटायचा, बोलका नाय मानूस. आसतो एकेकाचा सभाव." तिनं हात झटकले. "मना त्यानी कदी नाय विचारला. एकदा पन नाय."

हसुराम, मी काल त्या माइकवर तुझी आरती ओवाळत होतो, आणि पहिल्या रांगेत ही बाई बसून पहिल्यांदा ऐकत होती की तिचा नवरा जगाला काय वाटत फिरत होता. आम्हाला वाटलं ती दुःखानं रडतेय.

मी तोंड उघडलं. वहिनी, तुमच्या मनात, एवढंच म्हणालो असेन. तिनं हात वर केला.

"तुमी आता लगेच नका विचारू. बरा नाय दिसत."

मी सूप पुढं ओढलं आणि तांदूळ निवडायला लागलो. मला नीट जमत नव्हतं, ती मी निवडलेले पुन्हा बघत होती. असा अर्धा तास गेला असेल, जास्तही असेल. खाली कुणाची तरी गाडी रिव्हर्स घेताना किरकिरत होती. मग ती आपणहून बोलायला लागली. आधी हळू, मग जोरात, मग रागानं, मध्येच हसली, पुन्हा रागावली. ऊन गॅलरीतून उतरलं तरी बोलत होती. प्रकाश पिशव्या घेऊन आला, दारात थबकला आणि आवाज न करता तिथंच बसला.

ती काय बोलली ते मी तुला सांगणार नाही. तुला ऐकायचं होतं तर चौतीस वर्षं होती.